आबांच्या जागेचा अर्ज

टाकवे बुद्रुकच्या पुढे रस्ता आधी अरुंद होतो, मग खडबडीत होतो, आणि शेवटी तो रस्ता आहे हे आधीपासून माहीत असणाऱ्यालाच ओळखू येतो. तिथे एका आंब्याखाली गाडी लावायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि अर्धा-पाऊण तास जंगलातून उतरायचं. मग धरणाचं मागचं पाणी दिसतं. त्या पाण्याच्या काठाने ऐन, हिरडा आणि जांभळांच्या मधून एक सपाट पट्टी जाते, नऊ तंबू बसतील एवढी. वीज नव्हती. संडास म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला माणुसकीवर विश्वास. प्यायला झऱ्याचं पाणी. मोबाइलला रेंज हवी असेल तर वरच्या कातळावर चढून, हात उंच करून, पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं लागे. लांबून बघणाऱ्याला वाटे, कुणीतरी सूर्याला अर्घ्य देतंय.

या जागेची राखण आबा करत. आता करत नाहीत. त्यांचं तिथलं उठणं-बसणं माझ्या हातून संपलं, आणि तेही सुवाच्य अक्षरात, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी खलनायकाची वाट बघत बसणार नाही.

मी तळेगावच्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी केली. दाखले, हजेऱ्या, पत्रव्यवहार. ग्रंथपालाची जागा बरीच वर्षं रिकामी होती, म्हणून ग्रंथालयाची किल्लीही माझ्याकडे असे, आणि मुलं जी पुस्तकं नेत नसत ती मी नेत असे. म्हणजे जवळजवळ सगळीच. निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या भूगोलाच्या बाईही निवृत्त झाल्या. त्यांनी आयुष्यभर भिंतीवरच्या नकाशात काठी फिरवून सरोवरं दाखवली होती. त्या म्हणाल्या, "एखाद्या तरी पाण्याच्या काठाला बसू या गं. उभ्याने फार शिकवलं."

लोणावळ्याचं नाव निघालं नाही. लोणावळ्याला लोणावळ्यातले लोक सोडून बाकी सगळे जातात, आणि भुशीच्या पायऱ्यांवरून पाण्यापेक्षा माणसंच जास्त वाहतात. दुसऱ्या धरणांच्या काठांवर तंबू मिळतात, पण तिथे तंबूंच्या रांगा, त्यावर दिव्यांच्या माळा आणि गिटार वाजवणारा एक दाढीवाला पॅकेजमध्येच येतो. बाईंच्या एका माजी विद्यार्थिनीने ही जागा सांगितली. "बुकिंग नाही बाई, लवकर जायचं," एवढीच तिची माहिती होती.

तंबू आम्ही ऑनलाइन मागवला आणि पहिल्यांदा माझ्या वराळ्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये लावून बघितला. माझा मुलगा दारातून आत आला, तंबूतून दोन साठीच्या बायका बाहेर आल्या. तो एवढंच म्हणाला, "आई, जेवण तरी बाहेर करणार का?"

पहिल्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी एक चांगली जागा बघितली, जांभळाखाली, पाण्यापासून दहा पावलांवर, आणि तिच्यावर सतरंजी टाकून झऱ्यावर पाणी आणायला गेले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या समाजात मी वाढले आहे. परत आले तर एक म्हातारा माणूस, डोक्याला टोपी, अंगात बंडी, माझी सतरंजी नीट घडी करून हातात घेऊन उभा.

"हे तुमचं पडलं व्हतं, बाई."

"पडलं नव्हतं. जागा धरली होती मी."

"सतरंजीनं धरत्यात व्हय?" आबा खरंच नवल वाटल्यासारखं म्हणाले. "हितं चूल मांडायला लागती."

मग नियम कळला. ज्याला जी जागा हवी त्याने तिथे तीन दगड मांडायचे, जाळ करायचा आणि चहा ठेवायचा. चहाचा वास आला की आबा येत. उकिडवे बसून अर्धा कप चहा पीत. तो पिऊन झाला की जागा तुमची, तुम्ही निघेपर्यंत. तिथे रजिस्टर नव्हतं की पावती. जाताना चूल मोडायची, राख मातीत कालवायची आणि दगडांची काळी बाजू खाली करून ठेवायची, म्हणजे पुढच्याला उष्टी चूल मिळत नाही. आधी येईल त्याने आधी चहा पाजावा. नंतर येईल त्याने उरलेल्या जागेत. नऊ चुली झाल्या की दहाव्याला आबा म्हणत, "आता म्होरल्या वेळंला," आणि त्याला परत आंब्यापर्यंत सोडायला जात, म्हणजे तो चुकू नये आणि मागे फिरूही नये.

मी तीस वर्षं शासकीय नियम वाचले. इतका थोडक्यात आणि इतका पाळला जाणारा नियम मी वाचलेला नाही.

तो स्वतःच्या माणसांनाही सुटत नसे. एका डिसेंबरात आबांचे जावई त्यांच्या कंपनीतल्या साहेबांना घेऊन आले. दूधवाल्याबरोबर दोन दिवस आधी निरोपही पाठवला होता की जांभळाखालची जागा ठेवा. ती जागा आमच्याकडे होती. साहेब कॅमेरा गळ्यात घालून पाण्याकडे बघत होते आणि जावई आबांकडे. बाई उठू लागल्या. "अहो, पाहुणे आहेत, आम्ही सरकतो की तिकडे."

आबा वळून आमच्यावरच ओरडले. "तुमी कशाला उठताय? तुमचा च्या मी पिलोय!"

जावयांची चूल संडासाच्या पत्र्याजवळ लागली. आबांनी तिथेही जाऊन अर्धा कप चहा घेतला, तितक्याच गांभीर्याने. नंतर मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, आम्हाला सांगितलं की लेक चार महिने माहेरी आली नाही. "म्हातारं लय हट्टी," असं म्हणताना त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण फार नव्हती.

मावशी वरच्या वाडीतून रोज दुपारी उतरून येत. डोक्यावर पाटी, पाटीत भाकऱ्या, पिठलं, ठेचा. येणारे लोक हौसेने चूल मांडत आणि एका चहात त्यांची हौस फिटे. मग सगळे मावशींच्या पाटीकडे बघत. सरपणाच्या मोळ्याही आबाच देत. त्या दोघांचं घर यावर चालत होतं. खाचरं होती ती धरण झालं तेव्हाच पाण्याखाली गेली. वर एक तुकडा उरला होता, त्यात दोघांपुरता भात व्हायचा. ही पट्टी कागदोपत्री जंगलाची, पण तिची झाडझूड, वणव्याच्या दिवसांत जाळपट्टा काढणं, झऱ्यातला पाला उपसणं, हे आबा आणि त्याआधी त्यांचे वडील करत आले होते. हे सगळं मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवावं. माहीत असूनही मी पुढे जे लिहायचं ते लिहिलं.

आम्ही सात हिवाळे तिथे गेलो. दिवसभर विशेष काही करत नसू. बाई पाण्याकडे बघत बसत. एक खंड्या ठरावीक फांदीवरून सूर मारी, बहुतेक वेळा रिकामाच परत येई आणि पुन्हा तितक्याच ऐटीत बसे. बाई म्हणत, "आपल्या संस्थेच्या अध्यक्षांसारखा आहे गं." मी पुस्तक वाची. आबा येऊन बसत, पुस्तकाच्या जाडीकडे बघत आणि विचारत, "किती ऱ्हायलंय?"

आठव्या हिवाळ्यात, जानेवारीत, दुपारी चारला दोन मोठ्या गाड्यांमधून सात-आठ जण आले. पुण्याचे असावेत. त्यांच्या हातात खोके होते आणि एका खोक्यातून गाणं वाजत होतं. काठावरच्या जागा भरल्या होत्या. मागच्या बाजूला दोन मोकळ्या होत्या, त्या आबांनी दाखवल्या.

"काका, आम्हाला लेकसाइड पाहिजे," त्यांच्यातला एक म्हणाला. काळा चष्मा, वय पस्तिशीचं. "या बाई हलतील की."

"त्येंची चूल हाय."

"चूल?" तो हसला. "तुम्ही कोण इथले? जागा कुणाची आहे? काही कागद आहे का तुमच्याकडे?"

आबा म्हणाले, "कागद न्हाई."

एवढ्यात दुसऱ्याने मोबाइल समोर धरून चित्रण सुरू केलं. "हे बघा मित्रांनो, सरकारी जंगलात ही अशी दादागिरी चालते." आबा मोबाइलकडे बघून आधी टोपी सारखी करू लागले. फोटो काढताना माणूस करतो तशी. मग त्यांच्या लक्षात आलं हे काय चाललंय. काळ्या चष्म्याने आमच्या चुलीचा एक दगड बुटाच्या टोकाने बाजूला सारला. रागानेही नव्हे, वाटेत आला म्हणून सारावा तसा. आबांनी वाकून तो दगड उचलला, जागच्या जागी ठेवला आणि वाडीकडे चालायला लागले.

आम्ही हललो नाही. बाईंनी वर्गात वापरायचा आवाज काढला आणि ती मंडळी मागच्या जागांवर गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळून उकळून कडू झाला तरी आबा आले नाहीत. मावशी आल्या. म्हणाल्या, "निजल्यात. आंग दुखतंय म्हनत्यात."

माझ्या डोक्यात त्या क्षणापासून एकच शब्द घोळायला लागला, तो म्हणजे अर्ज. दुसरा कुणी पोलिसात गेला असता, भांडला असता, किंवा शहाणा असता तर गप्प बसला असता. मी आयुष्यभर एकाच गोष्टीवर श्रद्धा ठेवली होती: जे व्यवस्थित लिहिलं जातं ते टिकतं. समारंभ, हार, शाली, भाषणं या सगळ्याला मी हसत आले. कागदाला कधी हसले नाही. माझा देव तिथे बसला होता, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

"आधी त्यांना विचार तरी," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आम्ही मुद्दाम गेलो. आबा पाला उपसत होते. मी समजावून सांगितलं: जागेची देखभाल तुमच्याकडे आहे हे वनखात्याच्या कचेरीने लेखी मान्य केलं की पुन्हा कुणी विचारणार नाही.

"पर आत्ता बी कुनी इचारत न्हाई, बाई. त्यो एक आला, गेला."

"उद्या दुसरा येईल."

"येईल की. जाईल." त्यांनी ओला पाला बाजूला टाकला. "कचेरीला ठावंच न्हाई आमी हितं हाय म्हनून. ठावं न्हाई तवर बरं."

"असं लपून किती दिवस राहणार आबा?"

ते पुन्हा पाला उपसू लागले. मला वाटलं, पटलं. आता वाटतं, मी 'लपून' हा शब्द वापरायला नको होता. ते कधी लपले नव्हते. शेवटी हात धुऊन म्हणाले, "तुमी शिकल्याल्या. बघा तुमी."

त्यांनी सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर थांबून. सही झाल्यावर कागद लांब धरून त्यांनी तो बघितला आणि मावशींनाही दाखवला.

तो अर्ज माझ्या नोकरीतल्या सगळ्या अर्जांहून सरस होता. चार पानं. विषय, संदर्भ, महोदय, मुद्दे क्रमांक एक ते अकरा, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. बाईंनी नकाशा काढून दिला. विरोध करणाऱ्या बाईंनाही नकाशाचा मोह आवरला नाही. प्रमाण, दिशादर्शक बाण, समोच्च रेषा, झरा निळ्या पेन्सिलीने, आणि नऊ जागा एक ते नऊ आकडे घालून. आम्ही दोघी तो अर्ज माझ्या टेबलावर पसरून बघत बसलो होतो. नवीन लुगडं बघावं तसं.

त्यात सातव्या मुद्द्यात मी लिहिलं: "सदर ठिकाणी गेली अनेक वर्षे पर्यटकांचा अखंड राबता असून, अर्जदार हे कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, केवळ निसर्गप्रेमापोटी तेथील व्यवस्था पाहत आले आहेत."

वाक्य चांगलं होतं. खरं नव्हतं. भाकऱ्या आणि मोळ्या मी गाळल्या, कारण अर्जात त्या बऱ्या दिसेनात. मला आबांना थोर करायचं होतं. जो माणूस दुपारपर्यंत पोटासाठी मोळ्या बांधतो त्याला मी चार पानांत संत करून टाकलं, कारण कचेरी पोटाला दाद देत नाही पण संताला देईल असा माझा अंदाज होता.

उत्तर तीन आठवड्यांत आलं. इतक्या लवकर उत्तर येणं हे लक्षण चांगलं नसतं, हे मला नोकरीमुळे माहीत असायला हवं होतं. मग दोघेजण पाहणीला आले. सभ्य माणसं. त्यांच्यातले मोठे साहेब मला म्हणाले, "अर्ज तुम्ही लिहिलात ना बाई? असं मराठी हल्ली कुणी लिहीत नाही. आम्ही ऑफिसात सगळ्यांना वाचायला दिला." मी लाजले. ते टेप लावून पट्टी मोजत होते तेव्हा मी लाजत होते. आबांनी चूल मांडून त्यांच्यासाठी चहा केला. साहेबांनी तो प्यायला आणि म्हणाले, "छान. अगदी गावरान."

उन्हाळ्यात कळलं की ती जागा निसर्ग पर्यटन केंद्र होणार आणि ते चालवायला बाहेरच्या एका ठेकेदाराला देणार. मी साहेबांना भेटायला गेले. त्यांनी फाइल उघडली. माझा अर्ज सर्वांत वर होता आणि सातव्या मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"बाई, गेली अनेक वर्षे अखंड राबता, हे तुमचंच. म्हणजे विनापरवाना मुक्काम चालू होता. मला कळल्यावर मी डोळ्यांवर कातडं ओढू का?"

"पण आबांचं काय? त्यांना काम द्या. त्यांचं घर चालतं त्यावर."

साहेबांनी चष्मा वर केला आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता. हळू, आदराने वाचलं. "उपजीविका जात असती तर मी काहीतरी बसवलं असतं. तसा एक रकाना असतो. पण तुम्हीच लेखी दिलंय, उपजीविका नाही म्हणून. त्याखाली त्यांची सही आहे."

मी म्हटलं, ते मी चुकीचं लिहिलं. ते म्हणाले, "मग तसा अर्ज द्या." मी दिला. त्याचं उत्तर आलेलं नाही. पुढे दोन दिले. माणूस वाईट नव्हता, हे मला अजून त्रास देतं. वाईट असता तर या दोषात मला निदान कुणीतरी सोबत असतं.

उद्घाटन दिवाळीनंतर झालं. जंगलातून खाली जाणारी वाट रुंद केली होती. आंब्याच्या जागी वाहनतळ होता. मंडप, लाल सतरंज्या, फ्लेक्सवर अकरा माणसांचे हात जोडलेले फोटो आणि एका कोपऱ्यात धरण. पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर निवेदकाने निसर्गावर इतकं बोलून घेतलं की पक्षी उडून गेले. माझं नाव निमंत्रणपत्रिकेत होतं, 'ज्यांच्या पत्रामुळे हे शक्य झाले' या शब्दांखाली. बाई आल्या नाहीत. त्यांनी फोनवर विचारलं, "नकाशा वापरलाय का?" वापरला होता. फलकावर तोच नकाशा, बाईंच्याच आकड्यांसह, मोठा करून लावला होता. जांभळाखालची जागा क्रमांक चार होती. तिच्यापुढे 'प्रीमियम' असं लिहिलं होतं.

आबांना सत्कारासाठी बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. ते सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. आधी आले म्हणून पुढे बसले, त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. एक स्वयंसेवक आला. "आजोबा, ही रांग राखीव आहे. मागे बसा."

"म्होरं कुनी न्हाई की बसल्यालं."

"येणार आहेत."

"आल्यावं बगू की," आबा म्हणाले. भांडणाच्या सुरात नाही. नियम समजावून सांगावा तसं.

स्वयंसेवकाने दंडाला धरून त्यांना उठवलं, तसं प्रेमानेच. मी दोन रांगा मागे होते. मी उठून काही बोलले का? नाही. मी माझ्या शेजारची खुर्ची पुढे केली आणि ते तिथे बसले. मग त्यांचं नाव पुकारलं, ते वर गेले, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि त्यांनी खाली येऊन मला विचारलं, "झालं का आता? कागद भेटला का?"

त्यांना वाटत होतं, शालीनंतर कागद मिळेल. सगळा समारंभ त्यासाठीच आहे. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं, नाही आबा, जागा आता ठेकेदाराकडे गेली. त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकून पुढच्या भाषणाकडे लक्ष दिलं असावं. मावशी दूर झाडाखाली पाटी घेऊन बसल्या होत्या. जेवण केटररचं होतं. त्यांच्या भाकऱ्या कुणी विचारल्या नाहीत. त्यांनी त्या संध्याकाळी परत वाडीत नेल्या.

आता तिथे मोबाइलवरून जागा राखता येते. तिथे राखणदारही आहेत, गणवेशातले. जाळ करायला बंदी आहे, त्यामुळे चुलीचा प्रश्नच उरला नाही. आबांना पहिल्या महिन्यात दोनदा तिथून परत पाठवलं. ते झऱ्यातला पाला काढायला गेले होते. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. पाला आता कुणी काढत नाही. झऱ्याची गरज उरलेली नाही, बाटल्या येतात.

फेब्रुवारीत मी एकटीच वाडीवर गेले. मला वाटत होतं, ते मला बोलतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी वाटभर त्याची तयारी केली होती. आबा ओट्यावर बसले होते. मावशींनी चहा टाकला. लेकीने शहरात बोलावलंय, पण जाणार कुठं, असं काहीबाही त्या सांगत राहिल्या. आबा मध्येच उठून आत गेले आणि एक वही घेऊन आले. नातवाची जुनी वही, मागची पानं कोरी.

"बाई, एक कागद लिवायचा हाय."

"कसला आबा?"

"ठेकेदाराला. रखवालदाराची नोकरी द्या म्हनावं. ड्रेस घालीन की मी. मला काय त्याचं." ते पुढे वाकले. "तुमच्या कागदानं केवढं काम केलं, बगितलं न्हाई का? वाट झाली, मंडप आला, सायेब लोक आलं. असला कागद आमच्यात कुनी लिवला न्हाई. तुमी लिवा, त्यो नगं म्हननार न्हाई."

मावशी चुलीतली लाकडं सारखी करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी सांगू लागले की त्या नोकरीला वयाची अट असते, अर्ज मोबाइलवरून करायचा असतो, तिथे चाळिशीच्या आतलीच माणसं घेतात.

"मंग वय नगा लिवू," आबा म्हणाले.

मी वय न लिहिता अर्ज लिहिला. या वेळी भाकऱ्या लिहिल्या, मोळ्या लिहिल्या, झऱ्याचा पाला लिहिला, वडिलांपासूनचं सगळं लिहिलं. हा पहिल्यापेक्षा खरा होता आणि लांबही नव्हता. आबांनी सही केली, कागद लांब धरून बघितला. मी घरी येऊन त्याचा फोटो काढला आणि ठेकेदाराच्या ई-मेलवर पाठवला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. इंग्रजीत, दोन ओळी, बहुधा यंत्राने लिहिलेल्या. सध्या जागा रिकाम्या नाहीत, आमच्यात रस दाखवल्याबद्दल आभार.

ते मी आबांना सांगितलेलं नाही. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांग. माणसाला ताटकळत ठेवू नये." बरोबर आहे त्यांचं. दर गुरुवारी आबा टाकव्याला येतात, दूधवाल्याच्या फोनवरून मला फोन करतात आणि ओरडून बोलतात, मी लांब आहे म्हणून.

"आलं का बाई उत्तर?"

"नाही आबा."

"येईल की. सरकारी कामाला टाइम लागतो." तो ठेकेदार सरकारी नाही, हे मी एकदा सांगितलं होतं. "न्हाईतर आपन आनिक एक लिवू. ह्या बारीला जरा मोटा लिवा. पयला चार पानांचा व्हता, म्हनून तर लागला."

गेल्या गुरुवारी मी हो म्हणाले. दोन पानं झाली आहेत.